बाईंना प्रश्न कळला नाही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते माझे अब्बा तर न ऐकताच गेले. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. यात धाडस वगैरे काही नाही, तेवढं आधी समजून घ्या. धाडस असतं तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

आमच्या धंद्यात कबुलीचाही एक तास असतो. खरंच असतो. कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी, जेवण अंगावर आलेलं असताना, सगळ्यांना गोलात बसवतात आणि म्हणतात, आता प्रत्येकानं आपलं एक अपयश सांगा. मग एकेक जण घरून धुऊन, इस्त्री करून आणलेलं अपयश काढतो. कुणाची गाडी चिखलात रुतलेली असते, कुणी चुकीच्या गावात जाऊन बसलेला असतो. मीही सांगते. पानशेतच्या बाजूला एकदा आमचे भरलेले सगळे फॉर्म पावसात भिजले आणि आम्ही ते एका हॉटेलाच्या भट्टीपाशी वाळवले, ती गोष्ट. लोक हसतात. टाळ्या पडतात. वर्षानुवर्षं मी त्या गोलात बसून भिजलेल्या कागदांची गोष्ट सांगत आलेय — आणि तेव्हा प्रत्येक वेळी ही दुसरी गोष्ट घशाशी होती. ती कुणी ऐकली असती? टाळी कुठं वाजवायची, हे तिच्यात कळत नाही.

माझं काम म्हणजे देखरेख आणि मूल्यमापन. दुसऱ्यांनी केलेली विकासाची कामं तपासायची. नाव ऐकून माणसं जरा सावरून बसतात, पण त्यात कळायला अवघड असं काही नाही. आमच्या आईनं चुलीपाशी बसून आयुष्यभर तेच केलं. भात शिजत असताना झाकण काढून बघायचं, पाणी पुरतंय का, जाळ जास्त झालाय का — ही देखरेख. जेवणं झाल्यावर विचारायचं, पोट भरलं का, कुणाचं भरलं, कुणाचं नाही — हे मूल्यमापन. आणि चूल पेटवायच्या आधी घरात भूक किती होती तेही बघून ठेवायचं. नाहीतर पोट आपल्या भातानं भरलं की शेजारच्या लग्नात जेवून, हे कसं कळणार? एवढंच. याला आम्ही इंग्रजी नावं दिली आणि त्या नावांवर फ्लॅट घेतले.

नवीन लोकांना मी फळ्यावर एक साखळी काढून दाखवते. पहिली कडी सिमेंट, सळई, मजुरी. दुसरी कडी त्यातून उभा राहिलेला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. तिसरी, माणसं त्या साकवावरून जाऊ लागली. चौथी, जाऊ लागली म्हणून त्यांचं जगणं थोडं सोपं झालं. पहिल्या दोन कड्या फोटोत येतात. पुढच्या दोन येत नाहीत, त्यासाठी गावात जाऊन बसावं लागतं. आणि चोरी नेहमी दुसरी आणि तिसरीच्या मधे होते, असं मी सांगते. साकव झाला म्हणजे माणसं त्यावरून जातातच, असं धरून चालायचं नाही. पोरं-पोरी वहीत उतरवून घेतात. उदाहरण साकवाचंच देते मी — इतकी निर्लज्ज आहे.

तर तो साकव.

गुंजवण्याच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथं राहतात. वस्ती आणि डांबरी रस्ता यांच्यामधे ओढा. उन्हाळ्यात त्यात बेडूकही बुडायचा नाही, पण भाताच्या आवणीच्या दिवसांत डोंगरावरचं सगळं पाणी त्यात उतरतं. वस्तीची माणसं पिढ्यानपिढ्या एका ठरावीक जागी ओढा ओलांडतात. त्या जागेला ते नुसतं ‘उतार’ म्हणतात. दूध डेअरीच्या गाडीला घालायचं असो, दवाखाना असो, एसटी असो, वाट उतारातूनच.

साकव मंजूर झाला तो उतारासाठी. बांधला गेला तो खाली, बऱ्याच अंतरावर, पुण्याच्या एका गृहस्थांच्या बंगल्यासमोर. का? टेम्पो तिथवर जात होता. बंगलेवाल्यांनी सामान ठेवायला आवार दिलं, इंजिनियरला सावलीत खुर्ची दिली. कुणी कुणाला लाच दिली नाही. तसं काही असतं तर निदान रागवायला बरं. नुसती सोय बघितली गेली. वस्तीतून त्या साकवापर्यंत जायचं तर बांधाबांधानं चिखलातून खाली जायचं आणि ओलांडून पुन्हा तेवढंच वर चढून यायचं. डोक्यावर ओझं घेऊन पावसात तसं कोण जाईल? तुम्ही जाल? वस्तीतलं कुणी गेलं नाही.

हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी दिसलं. आंधळ्यालाही दिसलं असतं — तेव्हा माझ्या तल्लख नजरेचं कौतुक नको.

आम्हाला देणगीदारांना दाखवायचं होतं की साकव वापरात आहे. मोजणीसाठी दिवस कुणी निवडला? मी निवडला. रविवार. रविवारी पुण्याहून गाड्या येतात, राजगड बघून उतरलेली मंडळी बंगल्याच्या बाजूला थांबतात, साकवावर उभी राहून फोटो काढतात, पलीकडे जातात, अलीकडे येतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती खरी आहे, पण शीत आपण डोळे मिटून उचलायचं असतं. मी डोळे उघडे ठेवून वेचलं. साकवावरून माणसं जात होती, मी ती मोजली, आकडा भरला. आकडा खोटा नव्हता. आमच्या धंद्यात खोटा आकडा फक्त मूर्ख लिहितात.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हे तर मी एखाद्या गोलात सांगूनही टाकलं असतं. बघा — इथवर आले आणि पुन्हा वळसा घेतेय.

अनसाआत्याबद्दल बोलायला हवं.

माझे अब्बा मणेर. बांगड्यांचा बोचका खांद्यावर टाकून भोरहून निघायचे, एसटीनं मार्गासनीपर्यंत आणि पुढं पायी. वेल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर बायका त्यांची वाट बघायच्या. त्या वस्तीत ते नेहमी एकाच घराच्या ओसरीवर बोचका उतरवायचे, ते घर अनसूयाबाईंचं. त्या अब्बांना मणेरभाऊ म्हणायच्या, म्हणून मला त्या आत्या. लहानपणी सुट्टीत अब्बांबरोबर गेले की आत्या मला नाचणीच्या भाकरीबरोबर दुधावरची साय द्यायच्या. माझ्या संस्थेनं मला या कामावर घेतलं ते याचसाठी. ‘स्थानिक आहे, लोकांचा विश्वास आहे,’ असं त्यांच्या कागदावर होतं. विश्वास अब्बांनी पायपीट करून मिळवलेला. पगार मी घेत होते.

आत्या तेव्हा साठीच्या आसपास असतील. नवरा कधीच गेलेला, मुलगा पुण्याला गोदामात कामाला, घरी सून आणि दोन म्हशी. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन त्या उतारातून रस्त्याला यायच्या. मी साकवाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या की बांधणाऱ्यांनी बांधला, आपण कशाला नावं ठेवा.

मी त्यांच्या मागं लागले. का लागले, हे आज सांगताना माझं मलाच हसू येतं — चांगलं हसू नव्हे. तेव्हा मला खरं बोलायचं होतं. म्हणजे तशी हौस आली होती. पुढच्या टप्प्यात आणखी एका साकवाची तरतूद होती, गरज दाखवून दिली तर. मी मनाशी ठरवलं होतं की देणगीदारांचे साहेब गावात येतील, सगळ्यांसमोर बैठक होईल, तिथं वस्तीतल्याच कुणीतरी उठून सांगायचं, आणि मग मी पुढचं बोलायचं. दुसरा साकव उताराला होईल. गरीब बाईचा आवाज मी साहेबांपर्यंत पोचवणार होते. मला तो आवाज हवा होता, जसा बंगलेवाल्यांना अंगणात जुना रांजण हवा असतो तसा.

आत्या नको म्हणत होत्या. सरपंचांच्या मळ्यात त्यांची सून मजुरीला जायची, आणि साकवाच्या फलकावर सरपंचांचं नाव होतं. मी दोन-तीनदा गेले. अब्बांचं नाव काढलं. शेवटी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, “आत्या, तुम्ही फक्त उठून खरं ते सांगा. पुढचं मी बघते. मी आहे ना तिथं.”

त्या म्हणाल्या, “तू हाईस म्हनतीस तर बोलते.”

साहेब आले ते मोठ्या गाडीतून. चेलाडीच्या फाट्यावर मी त्यांच्या गाडीत बसले, वाट दाखवायला. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, अंगावर खादीचा कुर्ता, खेड्यात येताना घालतात तसला कडक. बोलता बोलता म्हणाले की त्यांच्या पुण्याच्या कार्यालयात मूल्यमापन विभागाला प्रमुख नेमायचाय, माझं नाव त्यांच्या डोक्यात आहे. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले की हा साकव म्हणजे त्यांच्या वरच्या लोकांना फार आवडलेलं काम आहे, आजचा दिवस छान जावा. एवढंच. अट घातली नाही, दम दिला नाही. माझ्यासारख्यांना दम द्यावा लागत नाही.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. खुर्च्यांवर साहेब, सरपंच, बंगलेवाले — त्यांच्याकडेच जेवण होतं. खाली सतरंजीवर वस्ती. नारळ झाला, हार झाले, सरपंच बोलले. मग साहेबांनी विचारलं की कुणाला काही सांगायचंय का, मोकळेपणानं. हा ‘मोकळेपणानं’ शब्द आम्ही फार वापरतो.

आत्या उठल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. आवाज बारीक होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

“साकव चांगलाच हाय,” त्या म्हणाल्या. “पर त्यो आमच्या वाटंवर न्हाई. आमी अजून उतारातनंच जातो. पावसाळ्यात पानी कमरंला लागतं. सूनबाईला दिवस व्हते तवा तिलाबी तितनंच न्हेली.”

सरपंच आपल्या बुटांकडे बघू लागले. बंगलेवाल्यांनी मोबाईल काढला. आणि साहेब माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त प्रश्न होता, हे काय आहे? मी बोलावं म्हणून ते थांबले होते. आत्याही थांबल्या होत्या. दोघंही माझ्याकडेच बघत होते, आणि त्या क्षणी बोलायला माझ्याजवळ सगळं होतं. वाट मी पाहिली होती. उतार पाहिला होता. दुसऱ्या साकवाची तरतूद मला पाठ होती. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, “सर, बाईंना प्रश्न नीट कळला नाही. त्या साकव व्हायच्या आधीचं सांगतायत.”

बाईंना. आत्यांना म्हणाले नाही. जीभ आपोआप वळली बघा, किती शहाणी असते.

आत्या तशाच उभ्या. मग त्यांनी मलाच विचारलं, अगदी साधं, जसं खरंच आपलं काही चुकलं असेल अशा आवाजात.

“व्हय का गं, शमीम?”

अजून वेळ होता. हे मी विसरू नये असं मला वाटतं, तेव्हाही वेळ होता. मी हसले. “हो, आपण जुनं बोलत होतो ना परवा,” असं म्हणाले, समजावणीच्या सुरात, शाळेतल्या बाई बोलतात तशी. त्यावर सरपंचांना कंठ फुटला. म्हातारीला हल्ली ऐकायला कमी येतं, असं ते म्हणाले, आणि सगळे हसले. सगळे म्हणजे वस्तीही हसली. ज्यांनी त्या आठवड्यात उतारातून दूध नेलं होतं तेही. मीही.

आत्या खाली बसल्या. पुढं बंगल्यावर जेवण झालं. चुलीवरचं मटण होतं, साहेबांना फार आवडलं. मी दोनदा रस्सा घेतला. घशाखाली उतरला नाही, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. उतरला.

अहवालात मी लिहिलं की वस्तीची ओढा ओलांडण्याची गरज पूर्ण झाली आहे. गरज पूर्ण झाल्यावर दुसरा साकव कशाला? तो दुसऱ्या कुठल्या तालुक्यात गेला. मला पुण्याची जागा मिळाली. खोली, खुर्ची, दारावर नाव. अब्बांनी भोरच्या बाजारपेठेत पेढे वाटले.

वस्तीत आत्यांना ‘बहिरी’ म्हणायला लागले, हे मला नंतर कळलं. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. सुनेला सरपंचांच्या मळ्यात काम मिळेनासं झालं. हे सगळं मला अब्बांकडून समजत होतं, ते अजून अधूनमधून जायचे. त्यांना काही ठाऊक नव्हतं. म्हणायचे, अनसाबाईला कुठं ऐकू येत नाही, माझ्याशी तर नीट बोलते. मी म्हणायचे, वय झालं की होतं असं.

पुढच्या का त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आत्या उतारात घसरल्या. किटली वाहून गेली. त्या एका दगडाला अडकल्या म्हणून वाचल्या, पण खुबा मोडला. वस्तीतल्या माणसांनी त्यांना झोळीत घालून त्याच पाण्यातून रस्त्याला आणलं. अब्बा भेटायला गेले. मला म्हणाले, तूही ये, आत्या आहे तुझी. मला कार्यशाळा होती. खोटं नाही, खरंच होती — विषय होता, लोकांचं म्हणणं ऐकण्याच्या पद्धती.

अब्बा परत आले तेव्हा मी घाबरत विचारलं की त्या काही म्हणाल्या का. नाही, म्हणाले. शमीम बरी आहे ना, एवढं विचारलं.

म्हणजे त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि मला काय झालं माहीत आहे? दुःख? लाज? नाही हो. सुटल्यासारखं झालं. त्या दिवशी मी शांत झोपले. कसली माणसं असतो आपण — आपण कशाला, मीच.

नंतर अब्बा गेले. आत्या मयतीला येऊ शकल्या नाहीत. मुलाबरोबर निरोप पाठवला होता. मी त्याला चहा दिला, आईची तब्येत विचारली आणि लवकर वाटेला लावलं.

आता शेवटचं.

आमच्यात असं असतं की काम संपून काही वर्षं गेली की पुन्हा जाऊन बघायचं. मांडव उतरल्यावर, वऱ्हाड गेल्यावर घरात काय उरलं ते. मागच्या वर्षी पावसाळ्यात त्या साकवाची पाळी आली. नियमानं मी जायला नको होतं. स्वतःचा पेपर स्वतः तपासू नये, हे मीच शिकवते. पण दुसऱ्या कुणी जाऊन काही शोधून काढण्यापेक्षा आपण बरोबर असलेलं बरं, म्हणून मी सल्लागार म्हणून नाव घातलं. प्रश्न विचारायला केतकी होती. माझ्या हाताखालची, पस्तिशीतली, एका मुलीची आई, वाद घालणारी. ऑफिसात तिच्यावर कुणी खूश नसतं, कारण ती टेबलावरच्या आकड्यांना विचारते, तुम्ही आलात कुठून.

आत्या ओसरीवर बसल्या होत्या, काठी बाजूला. वाळल्या होत्या. मला ओळखलं. “ये,” म्हणाल्या, दुसरं काही नाही. सून घरात नव्हती.

केतकीनं जसं शिकवलंय तसं केलं. खाली बसली. हो-नाही असं उत्तर येईल असा प्रश्न विचारला नाही. पावसाळ्यात रस्त्याला कसं जाता, तुम्हीच सांगा, असं म्हणाली.

आत्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत, सावकाश, शाळेत कविता म्हणतात तसं म्हणाल्या, “साकव लई चांगला हाय. आमी समदी त्यावरनंच जातो. लई सोय झाली.”

मग माझ्याकडेच बघत थांबल्या. बरोबर आलं का, असं विचारल्यासारखं.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आज एवढी बोलले नसते; टोमण्याला उत्तर देता येतं. त्या खरंच मदत करत होत्या. मणेरभाऊंची लेक तेव्हा साहेबासोबत आली होती तशी आज कुणासोबत तरी आलीय, तिला जे हवंय ते द्यावं, मागच्या वेळी आपल्याला जमलं नव्हतं. एवढंच होतं त्यांच्या तोंडावर.

तेवढ्यात सून आली. उताराच्या वाटेनं, घराच्या मागून. हातात रिकामी किटली, लुगडं मांडीपर्यंत ओलं, पायाला शेवाळ. तिनं किटली पालथी घातली आणि पदर पिळला. पाणी ओसरीच्या कडेवरून खाली गेलं.

केतकीचा पेन थांबला. तिनं सुनेकडे बघितलं, ओल्या जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा तेच — दोन माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी बोलावं म्हणून थांबली होती. या वेळी साहेब नव्हते. दारावर नाव लागलेलं होतं, नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती, कुणाची भीती नव्हती. कशाचीच नव्हती. तेव्हा मी घाबरले होते, असं इतकी वर्षं स्वतःला समजावत आले होते. मग आता काय होतं?

मी केतकीला म्हणाले, “त्या म्हणतायत तसं लिहून घे.”

तिनं लिहून घेतलं.

आत्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. कपबशा नवीन होत्या, पाहुण्यांच्या. मी घेतला. निघताना आत्यांनी माझ्या मनगटाकडे बघून विचारलं की बांगड्या का घालत नाहीस, मणेराची पोर असून. मी म्हटलं, कामात अडकतात.

परतीला नसरापूर आलं. केतकी समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, “मॅडम, त्यांच्या सूनबाईंचं लुगडं ओलं होतं.”

“ओढ्यावर धुणं धुतलं असेल,” मी म्हणाले.

ती वाद घालेल असं मला वाटलं होतं. घालावा, असंही कुठंतरी वाटलं होतं का? कुणास ठाऊक; तसं म्हणून मी स्वतःला बरं ठरवणार नाही. तिनं मान हलवली. अहवाल तिनंच लिहिला, चांगला लिहिला, आणि मी त्यावर सही केली. पुढच्या वर्षी माझ्या जागेवर ती बसेल. शिफारस मी केलीय. हल्ली ती कमी बोलते, ऑफिसात सगळ्यांशी तिचं छान जमतं.

उताराला साकव नाही. गेल्या आठवड्यात वेल्ह्याकडे जोराचा पाऊस झाला.